यादीत माझं नाव आहे का?

प्रश्न : मी मूळचा उज्जैनचा. इंदूरला भंवरकुआंजवळ खोली घेऊन लोकसेवा आयोगाची तयारी करतो. कोचिंगमधल्या मित्रांमुळे तरुणांच्या एका प्रार्थनासभेला जायला लागलो. तिथले लीडर भैया सांगतात, देवानं जगाच्या उत्पत्तीपूर्वीच आपली माणसं निवडून ठेवली आहेत. जो त्याच त्या पापात पुन्हा पुन्हा पडतो, त्यानं समजून घ्यावं की आपण त्यांच्यात नाही. मी पुन्हा पुन्हा पडतो. आता प्रार्थनेला बसलो की वाटतं, नावच नसेल तर हा खटाटोप कशाला? प्रीलिम्सचा निकाल निदान साइटवर तरी लागतो. हा कुठे बघायचा? — एक विद्यार्थी, इंदूर

उत्तर : नातवाच्या वयाचा आहेस म्हणून अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

लीडर भैयांचं पहिलं वाक्य शास्त्रातलं आहे. इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय उघड, चौथ्या वचनात ते सापडेल. दुसरं वाक्य मात्र त्यांच्या पदरचं आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. आयोगाची निवड गुणांवर होते, कटऑफ लागतो, अर्ध्या गुणानं माणूस बाहेर राहतो. तू हेच गणित उचलून देवाला लावलंस. प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात याकोब आणि एसाव या जुळ्या भावांचं उदाहरण देतो ते नेमकं याच्या उलट सांगायला: मुलं जन्मलीही नव्हती, बरं-वाईट काही केलं नव्हतं, तेव्हाची ती निवड. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात इस्राएलांनाही हेच ऐकवलं आहे, की तुम्ही संख्येनं मोठे होतात म्हणून नव्हे, तुम्ही तर सगळ्यांत थोडे होतात. गुण बघून घेतलंच नाही, तर गुण कमी पडले म्हणून नाव कापलं असेल ही भीती आली कुठून?

आणि हा नववा अध्याय सुरू कसा होतो तेही बघ. निवडीबद्दल इतकं कडक लिहिणारा पौल आधी सांगतो, की माझ्या भाऊबंदांसाठी माझ्या काळजाला सतत वेदना होतात. दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो त्यांच्या तारणासाठी प्रार्थना करतो, तेराव्यात म्हणतो की जो कोणी प्रभूचं नाव घेऊन हाक मारील त्याचं तारण होईल. "ठरलेलंच आहे, मग प्रार्थना कशाला" हा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही. आपल्याला पडतो.

मला तर तो लग्नानंतर रोज पडायचा. माझं माहेर बडोद्याचं, फतेहगंजातल्या मेथडिस्ट चर्चमध्ये वाढलेली मी. सासर इंदूरचं, जुन्या कॅनेडियन मिशनच्या प्रेसबिटेरियन वळणाचं. तो मिशन इथे 1877 मध्ये आला, ख्रिश्चन कॉलेज त्यांनीच 1887 मध्ये काढलं, आणि शिकवणीत कॅल्विन घेऊन आला, म्हणजे देव आपली माणसं आधीच निवडतो असं शिकवणारा धर्मसुधारक. आमच्या बडोद्याकडे वेस्ली, मेथडिस्टांचा मूळपुरुष, कृपा सगळ्यांना खुली आहे म्हणणारा. म्हणजे सोयरीक कुठे जमली बघ! पहिल्या नाताळात सासूबाई आणि मी करंज्यांना बसलो होतो. मी सारण भरत होते, त्या कातणं फिरवत होत्या. मी हाच प्रश्न टाकला. त्यांनी कातणं थांबवलं नाही. म्हणाल्या, "तू विश्वास ठेवलास त्याबद्दल प्रार्थनेत आभार कोणाचे मानतेस? स्वतःचे?" मी गप्प बसले. मग मीही विचारलं, "मग सुवार्ता सगळ्यांना का सांगायची?" त्या म्हणाल्या, "सांगितलंय म्हणून. आणि कडा नीट दाब, तळताना सुटतील."

मला विचारशील तर मी अजून अर्धी बडोद्याचीच आहे. देवाची इच्छा सर्वांचं तारण व्हावं अशी आहे, हे पहिल्या तीमथ्यातलं वचन मला कुठेही दुमडून ठेवता येत नाही. पण ज्यांच्या नावानं तुला घाबरवलं जातंय त्यांनी स्वतः काय लिहिलंय ते ऐक. कॅल्विन म्हणतो, आपली निवड ख्रिस्तात पाहा, तोच तिचा आरसा; त्याला सोडून देवाच्या गुप्त योजनेत डोकावशील तर चक्रव्यूहात अडकशील. प्रेसबिटेरियनांचं 1646 मधलं वेस्टमिन्स्टरचं विश्वासपत्र तिसऱ्या अध्यायात बजावतं, की हा विषय विशेष जपून हाताळावा. अठराव्या अध्यायात तर सरळ म्हटलंय, की खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तारणाची खात्री वाटायला फार काळ लागू शकतो, पुष्कळ झगडावं लागतं. म्हणजे खात्री वाटत नाही यावरून विश्वास नाही असं ठरत नाही. लीडर भैयांनी हे वाचलेलं नसावं. पोरगेलं वय असेल त्यांचंही.

निकाल कुठे बघायचा, तर योहान 6:37. त्या वचनाचे दोन भाग आहेत. पिता जे मला देतो ते सारं माझ्याकडे येईल, हा पहिला. जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवून देणार नाही, हा दुसरा. पहिला भाग देवाच्या बाजूचा, तो तुला तपासता येणार नाही आणि तपासायला सांगितलेलंही नाही. तुझ्यापुढे दुसरा आहे. निवडलेला आहेस की नाही हे कळल्यावर ख्रिस्ताकडे जायचं, असा क्रम शास्त्रात कुठेच नाही.

पापाचं नाव तू लिहिलं नाहीस. आयुष्यभर मुलग्यांच्या शाळेत शिकवलंय, अंदाज येतो. रात्री अकरानंतर मोबाइल मित्राच्या खोलीत चार्जिंगला लाव. एखाद्या वयस्क पाळकांना गाठून तोंडानं सांग. सभेत साक्ष म्हणून नको, एकट्यात. आणि पडलास त्याच रात्री प्रार्थना कर, चार दिवस "शुद्ध" राहून मग नको. पहिल्या योहानाच्या पत्राचा पहिला अध्याय विश्वासणाऱ्यांनाच लिहिला आहे, आणि त्यात पाप कबूल करायचं सांगितलंय ते त्यांनाच.


प्रश्न : वडील शेवटच्या आजारात रोज नवा करार वाचून घेत, प्रभूला हाक मारत. बाप्तिस्म्याचं ठरेपर्यंत गेले. नातेवाईक म्हणतात, राहिलंच ना शेवटी. — एक मुलगी, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : ताई, काही राहिलं नाही. वधस्तंभावरच्या चोराला बाप्तिस्मा कोणी दिला होता? तो त्याच दिवशी प्रभूबरोबर सुखलोकात गेला, लूकच्या तेविसाव्या अध्यायात आहे. उलटी बाजूही आपल्याच माणसांत आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात झाला, आणि पुढे त्यांनीच लिहून ठेवलं, की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता. तो आणखी काही वर्षांनी मिळाला. बाप्तिस्मा ही आज्ञा आहे, हातीपायी धड असलेल्यानं टाळू नये. वडिलांनी टाळला नव्हता. नातेवाइकांना चहा द्या आणि विषय बदला.


प्रश्न : माझे दीर कॉलेजात असताना शिबिरात पुढे गेले, प्रभूला स्वीकारलं. ती तारीख त्यांच्या बायबलमध्ये लिहिलेली आहे. आता ठेकेदारी करतात, मजुरांची मजुरी दोन-दोन महिने अडकवतात. बोललं की म्हणतात, "वहिनी, माझं तारण झालंय, ते जात नसतं." खरं आहे का? — एक भगिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : वहिनी, दीर हुशार दिसतात. तारण जात नाही, ही शिकवण त्यांनी बरोबर उचलली, पण अर्धीच. ती जिथे नीट मांडली गेली त्या 1618-19 च्या, हॉलंडमधल्या डॉर्टच्या कॅल्विनपंथी धर्मसभेनंच म्हटलंय, की विश्वासणारे गंभीर पापात पडू शकतात, दावीद पडला, पेत्र पडला. पण देव आपल्या माणसांना तिथे ठेवत नाही, पश्चात्तापाकडे परत आणतो. प्रभूला नाकारल्यावर पेत्र बाहेर जाऊन रडला होता. दीर कधी रडले?

माझ्या माहेरची बाजू म्हणेल, असा माणूस कृपेतून खरोखर घसरू शकतो. सासरची म्हणेल, तो कधी आत आला होता का हेच आधी बघा. निवडीच्या याच वादावर वेस्ली आणि कॅल्विनच्या बाजूचे प्रचारक व्हाइटफील्ड हे जिवलग मित्र 1740 च्या सुमारास जाहीरपणे भांडले. (व्हाइटफील्ड 1770 मध्ये वारले तेव्हा लंडनमधलं स्मृतिप्रवचन मात्र वेस्लींनीच केलं. आपल्या मंडळ्यांत भांडणं होतात, पुढचं होत नाही.) पण तुमच्या दिरांना दोघांपैकी एकानंही पाठीशी घातलं नसतं. मजूर राबतो आणि त्याची मजुरी अडवलेली, ती मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी जातो, असं नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या वचनात तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे, हे सांगून झालं की दहावं लगेच सांगतं, की सत्कृत्यांसाठीच आपल्याला घडवलं. दिरांच्या बायबलमध्ये नववं अधोरेखित असेल.

त्यांचं तारण झालंय की नाही यावर तुम्ही निकाल देऊ नका, तो तुमचा-माझा प्रांत नाही. त्यांच्याशी जक्कयाबद्दल बोला. तो जकातदार, तोही पैशाच्या धंद्यातला. त्यानं प्रभूला घरात घेतलं आणि उभं राहून आकडेच सांगितले: अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्यांचं लुबाडलं त्यांना चौपट. त्यावर प्रभू म्हणाला, आज या घराला तारण प्राप्त झालं. दिरांकडून कोणी चौपट मागत नाहीये. मुकादमाकडची हजेरीवही मागवा, कोणाचे किती थकलेत ते त्यांच्यासमोर बसून काढा, आणि पैसे कोणत्या शनिवारी देणार ते विचारा. शिबिराची तारीख जिथे लिहिली आहे त्याच पानावर हीही लिहून घ्या.