टॅलिस्मन: कोणतं एक्स्पान्शन घ्यावं, कोणतं सोडावं

(टॅलिस्मन हा फासे आणि पत्त्यांचा साहसी बोर्डगेम, आणि एक्स्पान्शन म्हणजे त्याला जोडायचे जादा संच. सगळे प्रश्न सुधारित चौथ्या आवृत्तीबद्दल आहेत.)

मूळ खेळ सात-आठ वेळा झाला, आता तोचतोपणा येतोय. एकच एक्स्पान्शन घ्यायचं तर कोणतं?

रीपर. नियम एका वाक्यात सांगता येतो: चालीच्या फाशावर १ पडला, की आपली पाळी संपल्यावर पुन्हा फासा टाकून यमदूताची सोंगटी हलवायची. तो ज्याच्या घरात जाईल त्यानं फासा टाकायचा, आणि तिथं १ आला तर त्याचं पात्र मेलंच. त्यामुळं दुसऱ्याची पाळी चालू असतानाही कुणी मोबाइलमध्ये डोकं घालत नाही. शिवाय ९० नवे साहसपत्ते मिळतात.

रीपर आणि फ्रॉस्टमार्च दोन्ही मिसळले, आणि खेळ पातळ झाल्यासारखा वाटतोय. असं का?

हिशोब करून पाहा. मूळ गठ्ठा १०४ पत्त्यांचा. त्यात रीपरचे ९० आणि फ्रॉस्टमार्चचे ८४ मिळवले की झाले २७८. एका डावात यातले साठ-सत्तरच उलटतात. म्हणजे एकमेकांना पूरक असलेले दोन पत्ते एकाच डावात निघण्याची शक्यता फार कमी होते. वर एवढा गठ्ठा नीट पिसलाही जात नाही. मागच्या डावातले पत्ते एकगठ्ठा परत येतात आणि ओळीनं राक्षसच निघत राहतात.

उपाय असा: तिन्ही गठ्ठे वेगळे ठेवा. प्रत्येक डावाला मूळचे ६०, आणि बाकी दोन्हींचे ३०-३० न बघता उचला आणि तेवढेच पिसा. टॅलिस्मनचे (म्हणजे पटाच्या मध्यापर्यंत पोचायला लागणाऱ्या ताईताचे) पत्ते बाहेर राहिले तर बिघडत नाही, पटावरच्या वॉरलॉकच्या गुहेतून टॅलिस्मन मिळवता येतोच. फ्रॉस्टमार्चमधले शेवटाचे तीन पर्यायी पत्ते मात्र कायम वापरा. त्या संचाची खरी किंमत तिथंच वसूल होते.

डाव आधीच तीन तास चालतो. डन्जन घेतलं तर आणखी लांबेल?

चार जणांपर्यंत फारसा नाही. डन्जन हा मुख्य पटाच्या कोपऱ्याला जोडायचा जादा पट. त्याचे पत्ते स्वतंत्र असल्यामुळं मूळ गठ्ठा फुगत नाही, आणि तळाशी असलेल्या लॉर्ड ऑफ डार्कनेसला मोठ्या फरकानं हरवलं तर थेट क्राउन ऑफ कमांड, म्हणजे पटाच्या मध्यातलं शेवटचं घर, गाठता येतं. अडचण दुसरीच आहे. माणसं कोपऱ्यात पांगतात आणि एकमेकांना भिडत नाहीत. म्हणून कोपऱ्याचा पट एका वेळी एकच लावा. डाव लवकर संपवायचा असेल, तर हरवलेल्या शत्रूंच्या ७ गुणांऐवजी ५ गुणांत एक ताकद द्या. हा घरचा नियम आहे, पण चालतो.

ड्रॅगन सेकंडहँड स्वस्तात मिळतंय. घेऊ का?

दोघं-तिघं खेळत असाल तर घ्या. यात प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला टोकन काढावं लागतं. सहा जणांनी तीस-तीस पाळ्या खेळल्या तर १८० वेळा पिशवीत हात! आधी डिजिटल आवृत्तीत खेळून पाहा. तिथं ही उठाठेव संगणक करतो. तरीही कंटाळा आला तर पेटीचा विचार सोडा.

सेकंडहँड घेताना पत्ते आणि टोकनं नियमपुस्तकातल्या यादीशी मोजून घ्या. पत्त्यांच्या पाठीचा रंग तुमच्या संचाशी जुळत नसेल तर अपारदर्शक पाठीच्या स्लीव्ह (पत्त्यांची प्लास्टिकची पाकिटं) लागतील. तो खर्चही किमतीत धरा. आणि २०२४ची नवी आवृत्ती असेल तर हे जुने संच तिच्यासाठी घेऊ नका.