कॉलेजमधून नाव कमी झालं, घरी अजून माहीत नाही

मार्कांमुळे कॉलेजने काढून टाकलं, आता सगळं संपलं का, हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो आणि बहुतेक वेळा पहिला फोन आईचा नाहीतर बाबांचा असतो. हा मुलगा मात्र स्वतःच आला, कारण घरी कुणाला पत्ताच नव्हता. पत्र येऊन तीन आठवडे झालेले आणि हा रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

"मॅडम, मी मुळात ढच आहे," हे पहिलं वाक्य. झोप, भूक, जीव नकोसा होतो का, हे मी अशा वेळी सरळ विचारते, विचारल्याने तसले विचार डोक्यात शिरत नाहीत, आणि उत्तर हो असेल तर मार्क बाजूला, आधी डॉक्टर. याचं तसं नव्हतं. मग ढ आहे की नाही यावर वाद न घालता म्हटलं, गाडी घसरली तो आठवडा शोधू.

कागदावर दोन्ही सेमिस्टर आठवड्याप्रमाणे मांडली. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं ठीक. मग एका टेस्टमध्ये आपटला, लाज वाटली म्हणून पुढचं लेक्चर बुडवलं, लेक्चर बुडालं म्हणून असाइनमेंट कळेना, ती दिली नाही म्हणून सरांसमोर जायची हिंमत होईना. टाळलं की तेवढ्यापुरतं हायसं वाटतं ना, तीच खरी गोम आहे, त्या हायसं वाटण्यानेच टाळायची सवय पक्की होते. अमेरिकन पद्धतीच्या बऱ्याच कॉलेजांत एकदम काढत नाहीत, जीपीए म्हणजे सगळ्या विषयांच्या ग्रेडची सरासरी घसरली की (चारच्या स्केलवर बहुधा २.० च्या खाली) आधी प्रोबेशन, म्हणजे ताकीद, देतात, सुधारायला एक सेमिस्टर मिळतं. यालाही मिळालं होतं. मेल न उघडलेलाच होता!

असे अकरा मेल आम्ही तिथेच बसून उघडले, वीस मिनिटं लागली. शेवटच्यात काढल्याविरुद्ध अपील करायची मुदत होती, नऊ दिवस उरलेले.

घरी त्याच रात्री सांगितलं त्याने. बाबा दोन दिवस बोललेच नाहीत आणि मग येऊन मला विचारतात, आम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं का त्याने? मी खरं तेच सांगितलं, की विचारत तर तुम्ही रोजच होतात, पण "किती मिळाले" एवढंच.

अपीलच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये "यापुढे खूप मेहनत करेन" हे वाक्य चार वेळा होतं. अपील तपासणाऱ्या समितीला शपथ नको असते हो, नक्की काय झालं, त्याचा कागदी पुरावा, तेव्हापासून काय बदललं आणि पुढचा प्लॅन, एवढं हवं असतं. लिहिलं सगळं, तरी अपील फेटाळलं गेलं आणि मला ते चूक वाटलं नाही, नऊ दिवसांत बदललेलं दाखवायला होतंच काय? पण पत्र नीट वाचल्यावर कळलं की एका वर्षाने पुन्हा प्रवेशासाठी अर्ज करता येतो. नियम प्रत्येक कॉलेजचा वेगळा, त्यामुळे मित्राचं ऐकू नका, आपलं पत्र वाचा.

त्या वर्षी अर्धवेळ नोकरी आणि दुसरीकडे फक्त एक कोर्स, तोही त्याचे क्रेडिट जुन्या कॉलेजात धरले जातील का हे आधी लेखी विचारून. तिथे अर्ज करताना जुनं कॉलेज लपवू का म्हणाला, मी म्हटलं अजिबात नाही, फॉर्ममध्ये आधीचं शिक्षण विचारतात आणि लपवलेलं सापडलं तर तिथूनही बाहेर.

अभ्यास तो करायचा, पण हायलायटर घेऊन तेच पान चारदा वाचायचा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात चारदा वाचणाऱ्यांना आठवड्याने साधारण ४०% आठवलं आणि एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ६१%, गंमत म्हणजे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारेच पुढे होते. म्हणून तर आपल्याला सगळं येतंय असं वाटत राहतं. याने पुस्तक मिटून लिहायला सुरुवात केली, पहिले काही दिवस वैतागला, मग जमलं.

प्रवेश परत मिळाला. दुसऱ्याच महिन्यात एका टेस्टमध्ये पुन्हा आपटला. त्याच संध्याकाळी मला मार्कांचा फोटो आला, खाली एक ओळ, "सरांना मेल केलाय, उद्या ११ ला भेटतोय."