चार वर्षं टिकणारा लॅपटॉप हवा असेल तर आधी बिजागरी बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: भाचीला पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय, ती हॉस्टेलवर राहणार, बजेट साठ हजार, आणि चार वर्षांत दुसरा लॅपटॉप घ्यायची वेळ येऊ नये. दुकानदाराने दोन दाखवलेत. एक एकदम पातळ, 'मिलिटरी ग्रेड'चा स्टिकर लावलेला, आणि दुसरा गेमिंगचा. यातला कुठला घ्यावा?

माझं ऐकाल तर दोन्ही नकोत.

माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान कॉलेजच्या रस्त्यावरच आहे, त्यामुळे पोरांच्या मशिनींना नेमकं काय होतं ते रोज बघतो. प्रोसेसर गेला म्हणून सहसा कुणी येत नाही. बिजागरी उखडलेली, स्क्रीन फुटलेली, चार्जिंगचा पोर्ट ढिला झालेला, कीबोर्डवर चहा सांडलेला, बॅटरी फुगलेली, हेच फिरून फिरून येतं. आणि आपण दुकानात विचारतो काय, तर आय-फाइव्ह आहे की आय-सेव्हन!

बिजागरीचं जरा सविस्तर सांगतो, कारण स्वस्त लॅपटॉप सगळ्यात जास्त तिथेच मरतात. स्क्रीन ज्या दोन लोखंडी पट्ट्यांवर फिरते, त्या पट्ट्या स्क्रूने आवळलेल्या असतात. ते स्क्रू बसतात पितळेच्या छोट्या नटांत, आणि हे नट प्लास्टिकच्या बॉडीत नुसते गरम करून दाबलेले असतात. दोनेक वर्षांत बिजागरीतलं ग्रीस सुकतं, ती घट्ट होते, आणि झाकण उघडताना लागणारा सगळा जोर त्या नटांवर येतो. मग एक दिवस 'कट्' आवाज होतो, स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात फट पडते. तरी पोरं तसंच उघड-मीट करत राहतात, आणि शेवटी स्क्रीनची केबल तुटते किंवा काचच जाते. फेविक्विक लावून आणलेले तर विचारूच नका, ते सोडवण्यात निम्मा दिवस जातो.

म्हणून दुकानात मशीन हातात घ्या. लाजू नका. झाकण मधोमध धरून एका हाताने उघडा. खालचा भाग सोबत उचलला गेला तर बिजागरी कडक आहे. झाकण मिटून पाठीमागून अंगठ्याने हलकं दाबा, किती दबतं बघा. लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचला, बॉडी पिळली जाते का, करकर वाजते का. कीबोर्डच्या मधोमध बोट दाबा, तिथे खड्डा पडता कामा नये. पाच मिनिटांचं काम आहे, पण ऑनलाइन रिव्ह्यू वाचून यातलं काही कळत नाही.

'मिलिटरी ग्रेड'बद्दल. तो एमआयएल-एसटीडी-८१० नावाचा अमेरिकी संरक्षण खात्याचा चाचणी-पद्धतींचा दस्तऐवज आहे, त्याची एच आवृत्ती २०१९ची. त्यात पडणं, धूळ, दमटपणा, तापमान अशा बऱ्याच चाचण्या आहेत. त्यातल्या कुठल्या करायच्या हे कंपनीच ठरवते, आणि अमेरिकी लष्कर काही त्यावर शिक्का मारून देत नाही. स्टिकर खोटा नसतो, पण त्यावर विसंबून दोन-पाच हजार जास्त मोजू नका.

पातळ मॉडेलांची दुसरी अडचण म्हणजे रॅम. बऱ्याच पातळ मशिनींत रॅम मदरबोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली असते. आज ८ जीबी घेतली की चारही वर्षं ८ जीबीच, आणि रॅम बिघडली तर बोर्डाचं काम. भाचीला अभ्यासात अँड्रॉइड स्टुडिओ, डॉकर, व्हर्च्युअल मशीन असली जड सॉफ्टवेअरं लागणार, म्हणजे १६ जीबी हवीच. आत्ता बजेटमध्ये बसत नसेल तर निदान एक स्लॉट मोकळा असलेलं मशीन घ्या, पुढच्या वर्षी टाका. एसएसडी (फाइली साठवायचा भाग) बहुतेक ठिकाणी बदलता येते, ती चिंता नाही.

गेमिंगचं म्हणाल तर मशीन सव्वादोन-अडीच किलोचं, वर विटेएवढा चार्जर, आणि बॅटरी तासिका संपायच्या आत आडवी. त्यात हॉस्टेलवर ते गादीवर ठेवून वापरतात. खालची हवेची जाळी बंद होते, फॅनमागे धूळ आणि कापसाचा थर बसतो. मुलगी आर्किटेक्चर किंवा थ्रीडी ॲनिमेशनला असती तर मी वेगळं बोललो असतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला ग्राफिक्स कार्डावाचून सहसा काही अडत नाही, मशीन लर्निंगचे प्रयोग गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेवर होतात.

मग घ्यायचं काय? कंपन्यांची ऑफिसांसाठी बनवलेली मालिका. लेनोवोची थिंकपॅड ई किंवा थिंकबुक, एचपी प्रोबुक, असूस एक्स्पर्टबुक, डेलची पूर्वीची लॅटिट्यूड (२०२५पासून ती 'डेल प्रो' नावाने येते). यांच्या जाहिराती फारशा दिसत नाहीत आणि मॉलमधल्या शोरूममध्ये बहुधा ठेवतही नाहीत, त्यामुळे बिझनेस डीलरकडे विचारा. दिसायला ठोकळे आहेत. पण बिजागरी बरी, तळ साध्या स्क्रूंनी उघडतो, सुटे भाग वर्षानुवर्षं मिळतात. थिंकपॅडचं तर पूर्ण दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनी स्वतःच सगळ्यांना मोफत देते. साठ हजारांत यांची खालची मॉडेलं बघायला मिळतील.

बजेट ताणायचं नसेल तर याच मालिकांतला वरच्या दर्जाचा रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेला, घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यातही मिळतात. तीन गोष्टी मात्र बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता ताडून बघा. बायोसला (मशीन सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर) पासवर्ड नाही ना ते तपासा. आणि समोर बसून विंडोज रीसेट करून वायफायला जोडा. आधी ते वापरणाऱ्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर उठून चालू लागा, तो माल त्यांच्या यादीतून सुटलेला नाही. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचीच घ्या. त्याआधीच्या बहुतेक मशिनींवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला.

नवीन घेतलात तर बॅगेवर, माऊसवर घासाघीस करू नका. त्याच पैशात वॉरंटी तीन वर्षांची करून घ्या आणि अपघाती नुकसानीचं कव्हर जोडा. चहा आणि फुटलेली स्क्रीन साध्या वॉरंटीत बसत नाही. ऑनसाइट सेवा (जागेवर येऊन दुरुस्ती) हॉस्टेलच्या पिनकोडला आहे का तेही विचारा, घरच्या नव्हे.

चार्जिंगसाठी टाइप-सी पोर्ट दोन असलेलं बरं. तो पोर्ट बहुधा थेट बोर्डाला सोल्डर केलेला असतो, वायरीत पाय अडकला की एक जातो, तेव्हा दुसऱ्यावर काम चालतं. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय बहुतेक ऑफिस मशिनींत असते, ती पहिल्याच दिवशी चालू करा. हॉस्टेलवर मशीन सतत प्लगला लावलेलं असतं, बॅटऱ्या त्यानेही फुगतात. आणि पाण्याची बाटली लॅपटॉपच्या कप्प्यात ठेवायची नाही, हे तिला तुम्हीच सांगा. मामाचं ऐकतात.

दुकानदाराने दाखवलेल्या त्या पातळ मशीनचा पूर्ण मॉडेल नंबर तळाच्या स्टिकरवर असेल. तरीही मन त्यातच अडकलं असेल तर तो इथे टाका, रॅम सोल्डर आहे का ते बघून सांगतो. नुसत्या नावावरून कळत नाही, एकाच नावाखाली दोन्ही प्रकार विकतात.