शिफारसपत्र दिलं म्हणजे हमी दिली का?

प्रश्न : माझा लहानसा व्यवसाय मी बंद केला, तेव्हा आमच्याकडे पाच वर्षं काम केलेल्या एका मुलाला ओळखीच्या व्यापाऱ्याकडे नोकरी मिळावी म्हणून मी लेटरहेडवर पत्र दिलं. त्यात लिहिलं होतं : ‘हा प्रामाणिक व विश्वासू आहे. पैशाच्या व्यवहारात त्याच्याबद्दल कधीही तक्रार आलेली नाही. त्याच्या वर्तणुकीची संपूर्ण जबाबदारी माझी राहील.’ मुलाला गोदाम सांभाळायला घेतलं होतं. पुढे त्याच्याकडे वसुलीचं काम दिलं गेलं. आता तो वसुलीची मोठी रक्कम घेऊन बेपत्ता आहे. मालकांच्या वकिलाची नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत रक्कम भरा, नाहीतर दिवाणी दावा आणि फौजदारी तक्रार करू. मालक फोनवर म्हणतात, ‘ताई, निदान सिक्युरिटी म्हणून एक चेक द्या.’ आमच्याकडे असताना त्याने एकदा रोकड जमा करायला आठवडाभर उशीर केला होता. ते मी पत्रात लिहिलं नाही. मला पैसे भरावे लागतील का? यापुढे कोणाला असं पत्र देऊच नये का?

उत्तर : आधी सर्वांत तातडीचं. चेक देऊ नका. कोरा नको, पुढच्या तारखेचा नको, ‘फक्त विश्वासासाठी’ तर मुळीच नको. आज तुमच्यावर देणं आहे की नाही हाच वादाचा मुद्दा आहे. तुमच्या सहीचा चेक त्यांच्या हातात गेला, की तो देण्यापोटीच दिला असं कायदा गृहीत धरतो आणि तसं नव्हतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली खटला उभा राहतो. त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फोनवर ‘मी बघते, काहीतरी करते’ असंही म्हणू नका. माणुसकीपोटी बोललेलं हे वाक्य उद्या कबुली म्हणून पुढे ठेवलं जाईल.

आता तुमचं पत्र. त्यातली पहिली दोन वाक्यं एका जातीची आहेत आणि तिसरं अगदी वेगळ्या जातीचं. सगळा प्रश्न त्या फरकावर उभा आहे.

‘प्रामाणिक व विश्वासू आहे’, ‘तक्रार आलेली नाही’ हे तुम्ही त्याला जसं ओळखलं त्याचं कथन आहे. माणूस पुढे वाईट निघाला एवढ्याने असं कथन करणाऱ्यावर भरपाई बसत नाही. लिहिताना तुमचा स्वतःचा त्यावर विश्वास होता का, हे मुख्यतः पाहिलं जातं. हा विचार जुना आहे. इंग्लंडमध्ये १७८९ च्या पॅस्ली विरुद्ध फ्रीमन या खटल्यात, तिसऱ्या माणसाला उधार द्यायला हरकत नाही असं जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याला जबाबदार धरलं गेलं. पुढे १८८९ च्या डेरी विरुद्ध पीक या निकालात स्पष्ट झालं, की फसवणूक ठरायला विधान खोटं आहे हे माहीत असणं, किंवा खरं-खोट्याची पर्वा न करता ते केलेलं असणं आवश्यक आहे. अशा प्रकरणांत आपली न्यायालयंही हेच तत्त्व मानतात.

म्हणून त्या आठवडाभराच्या उशिराबद्दल स्वतःशी नीट विचार करा. त्याने कारण काय सांगितलं होतं? तुम्हाला ते पटलं होतं का? त्यानंतरही तुम्ही त्याच्या हातात रोकड देत राहिलात का? देत राहिला असाल, तर तुमचा विश्वास खरा होता याचा तोच चांगला पुरावा आहे. पण मनात शंका असूनही ‘कधीही’ हा शब्द लिहिला असेल, तर दुबळी बाजू तिथे आहे. जे असेल ते तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. अशी गोष्ट उलटतपासणीत प्रथमच बाहेर येते तेव्हा सगळ्यांत जास्त नुकसान करते.

तिसरं वाक्य मात्र मला अस्वस्थ करतं. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १२६ प्रमाणे दुसऱ्याने कसूर केल्यास त्याचं दायित्व आपण पार पाडू असं वचन म्हणजे हमीचा करार. त्याला स्टॅम्पपेपर लागत नाही. तो तोंडीही होऊ शकतो. ‘मला काय मिळालं?’ हा बचाव चालत नाही, कारण कलम १२७ प्रमाणे मूळ माणसाच्या फायद्यासाठी केलेली गोष्ट, म्हणजे इथे त्याला दिलेली नोकरी, मोबदला म्हणून पुरेशी ठरू शकते. आणि हमी सिद्ध झाली तर ‘आधी त्याला शोधा, मग माझ्याकडे या’ असंही सहसा म्हणता येत नाही; कलम १२८ हमीदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच धरतं.

तरीही माझं मत तुमच्या बाजूने आहे. ‘वर्तणुकीची जबाबदारी’ या शब्दांत नुकसान भरून देण्याचं वचन नाही, रक्कम नाही, मुदत नाही. शिफारसपत्राच्या शेवटी असं वाक्य कितीतरी लोक रिवाज म्हणून लिहितात, आणि हमीदाराला त्याच्या शब्दांपलीकडे ओढता येत नाही. पण दुसरी बाजू उलट अर्थ मांडणारच, म्हणून बचाव या एका मुद्द्यावर टांगू नका.

ही हमी आहे असं घटकाभर धरलं, तरी तुमचं खरं बळ पुढे आहे. तुम्ही पत्र दिलं ते गोदामाच्या कामासाठी. हमीदाराच्या संमतीवाचून मूळ कराराच्या अटी बदलल्या, तर कलम १३३ प्रमाणे त्यानंतरच्या व्यवहारांपुरता हमीदार मोकळा होतो. त्या कलमाखालचं उदाहरण बँकेतल्या व्यवस्थापकाचं आहे. त्याच्या वर्तणुकीबद्दल एकाने हमी दिलेली असते. नंतर बँक आणि तो परस्पर ठरवतात, की पगार वाढेल आणि ओव्हरड्राफ्टमधल्या तोट्याचा चौथा हिस्सा त्याच्यावर राहील. पुढच्या तोट्यातून हमीदार सुटतो. वसुलीचं काम देताना तुम्हाला कोणी विचारलं होतं का? नसेल, तर नोटिशीच्या उत्तरात हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात हवा.

आणखी एक शोधा : बेपत्ता होण्याआधी त्याच्या हिशेबात तूट आली होती का, आणि मालकांनी ती पगारातून कापून गप्प बसणं पसंत केलं का? १८७२ च्याच फिलिप्स विरुद्ध फॉक्सॉल या इंग्लिश खटल्यात, नोकराची अफरातफर कळूनही हमीदाराला न सांगता त्याला कामावर ठेवणाऱ्या मालकाला पुढच्या नुकसानीसाठी हमीदाराकडे जाता आलं नाही. आपल्या करार अधिनियमाच्या कलम १३९ खालीही एक उदाहरण आहे : शिकाऊ मुलाच्या रोकडीचा महिन्यातून एकदा तरी ताळा घेऊ असं कबूल करून मालक तो घेत नाही, मुलगा पैसे खातो, हमीदार जबाबदार राहत नाही.

फौजदारी धमकीने घाबरू नका. नोकराने केलेला विश्वासघात हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (४) खाली त्याचा गुन्हा आहे; १ जुलै २०२४ पूर्वीच्या कृत्याला जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४०८ लागेल. त्याच्यासाठी चांगला शब्द टाकणं गुन्हा नाही. तुमचा अप्रामाणिक हेतू किंवा त्याच्याशी संगनमत असल्याशिवाय तुम्ही आरोपी होत नाही. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल, तर स्त्रीला राहत्या जागेखेरीज इतरत्र हजर राहायला भाग पाडता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७९ तसं सांगतं. जबाब घरी द्या, आणि खरा द्या.

यापुढे पत्र द्यायचं की नाही? जरूर द्या. ओळख-पाळख नसलेल्या मुलाला कामाची पहिली दारं अशाच पत्रांनी उघडतात, आणि भल्या माणसांनी ती लिहिणं बंद केलं तर नुकसान त्या मुलांचंच आहे. फक्त जे पाहिलं तेवढं लिहा : कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणतं काम, तुमच्या नजरेखाली होतं की नाही. ‘राहील’, ‘करील’ ही भविष्यकाळाची क्रियापदं टाळा. शेवटी एक ओळ घाला : ‘हे माझ्या माहितीप्रमाणे दिले असून यातून कोणतेही आर्थिक दायित्व मी स्वीकारत नाही.’ अशी ओळ वाया जात नाही. हेडली बर्न या १९६३ च्या प्रसिद्ध इंग्लिश निकालात ग्राहकाची आर्थिक पत कशी आहे याबद्दल निष्काळजीपणे अभिप्राय दिल्याचा आरोप असलेली बँक नेमकी अशाच ओळीमुळे सुटली. आणि कोणी विचारलंच, तर वाईट अनुभवही सद्भावनेने, ज्याला त्याची गरज आहे त्यालाच सांगता येतो. भारतीय न्याय संहितेच्या बदनामीविषयीच्या कलम ३५६ मध्ये अशा सावधगिरीच्या इशाऱ्याला अपवाद आहे.

नोटिशीचं उत्तर मुदतीत, वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने द्या. त्यात पत्राची प्रत, मुलाचं नेमणूकपत्र, वसुलीचं काम दिल्याचा आदेश, तुटीचे हिशेब आणि पोलिसांत तक्रार केली असल्यास तिची प्रत मागा. पत्राची तुमच्याकडची प्रत आणि मालकांशी झालेले मेसेज आजच बाजूला काढून ठेवा. एकही मेसेज पुसू नका.