अठराव्या वाढदिवशी सगळी ठेव त्याच्या हाती द्यावी का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. फॉस्टर केअरमधून, म्हणजे आईवडील सांभाळू न शकणाऱ्या मुलांना दुसऱ्या कुटुंबात ठेवण्याच्या व्यवस्थेतून, आलेला मुलगा गेली सहा वर्षं तुमच्या घरी आहे. चार महिन्यांनी तो १८ वर्षांचा होईल, शाळा संपेल आणि त्याच्या संगोपनाचा भत्ता थांबेल. त्याच भत्त्यातून आणि पदरचे घालून तुम्ही त्याच्यासाठी ठेव केलीत: एकट्या तरुणाचा १८ महिन्यांचा साधा खर्च भागेल एवढी. त्याला इलेक्ट्रिशियनचं दोन वर्षांचं प्रशिक्षण घ्यायचंय आणि मित्राबरोबर खोली करायचीय. यजमानांना वाटतं, सगळी रक्कम वाढदिवशीच त्याला द्यावी. तुमचं मन होत नाही आणि त्याबद्दल तुम्हाला अपराधीही वाटतंय.

माझं मत स्पष्ट आहे, एकरकमी देऊ नका. मुलगा पैसे उडवेल अशी भीती मला नाही. हिशेबच जमत नाही.

खोलीची अनामत, गादी, भांडीकुंडी यात चार महिन्यांच्या खर्चाइतके पैसे जातील. फी आणि हत्यारं यात, तुम्ही कळवलेल्या आकड्यांवरून, आणखी पाच. उरले नऊ. विद्यावेतनातून त्याचा निम्मा खर्च निघेल, म्हणजे दर महिन्याला अर्ध्या महिन्याची तूट. नऊ महिन्यांचे पैसे १८ महिने पुरतील आणि प्रशिक्षण आहे २४ महिन्यांचं. शेवटचे सहा महिने हात रिकामे, तेही मधे एकही आजारपण आलं नाही तर! अशा वेळी पोरं शिक्षण सोडून मिळेल ते काम धरतात आणि घातलेली फीही वाया जाते.

तो घरीच राहिला तर विद्यावेतनात त्याचा वरखर्च निघेल, जेवणखाणाला थोडा हातभारही लावू दे. ठेवीतले पाच महिन्यांचे फी-हत्यारांना गेले तरी १३ शिल्लक राहतात. त्यातले दोन वाढदिवशी त्याच्या खात्यात टाका आणि त्यांचा हिशेब मागू नका. यजमानांचं म्हणणं इथे खरं आहे, पैसा हाताळल्याशिवाय कळत नाही. शिवाय पहिलं विद्यावेतन महिनाभर राबल्यावर मिळतं. प्रवास आणि कामाचे बूट मात्र पहिल्याच दिवशी लागतात. चार महिन्यांचे पैसे खोलीच्या अनामतीसाठी बाजूला ठेवा, प्रशिक्षण संपल्यावर त्याच्या कामी येतील. उरलेले सात त्याच्या अडीअडचणीसाठी. पगार लांबला, पाय मोडला, तर इतर मुलं आईवडिलांना फोन करतात. या मुलाला तो फोन तुम्हालाच करता यायला हवा.

संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा सांभाळातून बाहेर पडणाऱ्या मुलांसाठी शिक्षण-प्रशिक्षण चालू ठेवणं, पुरेसं आर्थिक साहाय्य आणि शक्य तिथे प्रत्येकाला सोबतीला एक माणूस सुचवलाय. अमेरिकेने २००८ च्या कायद्याने राज्यांना २१ व्या वर्षापर्यंत सांभाळ वाढवण्याची वाट करून दिली. इंग्लंडमध्ये २०१४ पासून मुलगा आणि कुटुंब दोघांची इच्छा असेल, तर २१ पर्यंत त्याच घरी राहायला स्थानिक प्रशासनाने मदत करायची असते. तेव्हा भत्ता खरंच थांबतोय का, हे आधी त्याच्या समाजसेवकाला लेखी विचारा. मोठी रक्कम मुलाच्या नावावर दिसली तर काही ठिकाणी त्याची शिष्यवृत्ती किंवा मदत अडू शकते, हेही त्याच पत्रात विचारून घ्या.

मोटारसायकलच्या कर्जाला जामीन राहायचं का, असंही विचारलंत. नको. यजमानांच्या निवृत्तीला सहा वर्षं राहिलीत; हप्ते थकले तर तुमची म्हातारपणाची पुंजी जाईल आणि त्याचंही ते एकमेव छत डळमळेल.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. दत्तकविधान झालेलं नसेल तर सांभाळलेलं मूल बहुतेक ठिकाणी कायद्याने आपोआप वारस ठरत नाही. उद्या तुम्हा दोघांचं बरंवाईट झालं, तर तुमच्या नावावरचे हे सात महिन्यांचे पैसे त्याला मिळणारच नाहीत. मृत्युपत्रात त्याचं नाव आणि ही ठेव स्वच्छ लिहा. वाढदिवसाआधीच.

अर्थात घरी राहायचं की नाही, हे त्यालाच ठरवू द्या. वरचा हिशेब कागदावर मांडून तिघं एकत्र बसा. तरीही तो खोलीच म्हणाला तर अडवू नका: फी थेट संस्थेत भरा, तूट दर महिन्याला पाठवा आणि शेवटच्या सहा महिन्यांची सोय कुठून होईल हे त्याच बैठकीत ठरवा. त्याची घराची किल्ली मात्र त्याच्याकडेच राहू द्या.