बंदूक सगळ्यात शेवटी घे

कोल्हापूर

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो आणि त्या ऑनलाइन बंदूक विकणाऱ्याचे मेसेज बघितले. आधी महत्त्वाचं सांगतो: त्याला एक रुपयाही पाठवू नकोस. का, ते पुढे लिहितोच.

तुला एअरसॉफ्टची, म्हणजे खेळातल्या बंदुकीने प्लॅस्टिकच्या गोळ्या मारून एकमेकांना बाद करायच्या खेळाची ओढ लागली याचा मला आनंद आहे. या खेळात गोळी कुणाला लागली हे पंचाला दिसत नाही. ज्याला लागली त्यानेच हात वर करून बाहेर यायचं, मग कुणी बघितलेलं असो वा नसो. सगळा खेळ या प्रामाणिकपणावर उभा आहे, आणि तुझ्या वयाच्या पोरांनी तो खेळावा असं मला मनापासून वाटतं. पण तू खर्चाचा जो कागद पाठवलास त्यात बंदुकीला पंचवीस हजार आणि 'गॉगल वगैरे'ला पाचशे धरलेत. तो कागद उलटा कर. आधी गॉगल, मग बूट आणि तोंडाचा मास्क, मग आमच्या गटात येऊन दुसऱ्याच्या बंदुकीने खेळून बघणं, आणि बंदूक सगळ्यात शेवटी.

तू डिप्लोमाला आहेस, म्हणून गॉगलचं आकड्यांतच सांगतो. एअरसॉफ्टची गोळी ६ मिलिमीटरची, प्लॅस्टिकची. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिच्यात बरोबर १ जूल ऊर्जा असते. खेळणारे त्याच वेगाला ३२८ एफपीएस, म्हणजे सेकंदाला ३२८ फूट, म्हणतात. आता युरोपातलं ईएन १६६ हे मानक घे. त्यात काचेवर ६ मिलिमीटरचा, ०.८६ ग्रॅमचा पोलादी छर्रा मारून बघतात. काचेवर एफ हे अक्षर असेल तर छर्र्याचा वेग सेकंदाला ४५ मीटर, बी असेल तर १२० मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग कर. एफला ०.८७ जूल येतात, बीला ६ जूलच्या वर. म्हणजे एफची काच १ जूलच्या गोळीलासुद्धा पुरेल असं कुणी लिहून दिलेलं नाही. कानावर अडकवायचा चष्मा कितीही महागाचा घेतलास तरी या मानकात तो एफच्या वर जात नाही. बी हवा असेल तर डोक्यामागून पट्टा असलेला, चारी बाजूंनी चेहऱ्याला टेकणारा गॉगलच लागतो. तुझ्या कारखान्यातला ग्राइंडिंगचा चष्मा कीस उडतो त्यासाठी आहे, तो इथे आणू नकोस. जाळीचा गॉगलही नको. गोळी जाळीवर आपटून फुटली की तिचे बारीक तुकडे आत येतात. दात आणि ओठ झाकायला मात्र जाळीचा मास्क चांगला, आणि तो घेच. समोरचा दात पडणं ही या खेळातली नेहमीची दुखापत आहे.

गॉगल घेताना जादा काच मिळते का ते बघ. पहिली काच वाळूच्या पोत्यावर बांधायची, आपल्यातली सगळ्यात जोरकस बंदूक घ्यायची आणि जवळून मारायची. तडा गेला तर गॉगल परत. नाही गेला तरी ती काच पुन्हा डोळ्यांवर चढवायची नाही, दुसरी बसवायची.

आता खरा धोका सांगतो. चांगला गॉगल असलेल्यांचे डोळे जातात ते वाफेमुळे. आपल्याकडे पावसाळ्यातली हवा तुला माहीत आहे. पळून दम लागला की काचेच्या खालच्या कडेला वाफ धरते, मग नाकाजवळून पांढरा पट्टा वर चढायला लागतो. समोरचं झुडूप आणि माणूस एकच दिसायला लागतात, आणि हात आपसूक पट्ट्याकडे जातो. अंगठा कडेखाली घालून जराशी फट केली की वारा लागतो, बरं वाटतं. डोळा फुटायला तेवढी फट पुरते. म्हणून दुहेरी काचेचा गॉगल घे, वाफ धरू नये म्हणून लावायचं द्रावण घे, आणि घरी तो चढवून जिना पाच-सहा वेळा वरखाली करून बघ. तरीही मैदानात दिसेनासं झालं तर हात वर करायचा, 'आउट' म्हणून ओरडायचं, गॉगल तळहाताने चेहऱ्यावर दाबून धरायचा आणि कुणाला तरी हाक मारून त्याच्या आधाराने सेफ झोनपर्यंत, म्हणजे जिथे गोळी मारायची नसते त्या जागेपर्यंत यायचं. त्या फेरीत तू बाद झालास तरी चालेल.

कुणाच्या डोळ्याला लागलंच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही, मनाने थेंब घालायचे नाहीत. कागदी पेला डोळ्यावर न दाबता टेकवून चिकटवायचा, डोकं उंच ठेवायचं आणि सरळ सीपीआर सरकारी रुग्णालय किंवा डोळ्यांचा दवाखाना गाठायचा. 'आता दिसतंय, राहू दे' म्हणणाऱ्याला तर आधी न्यायचं. आत रक्त उतरलेलं असू शकतं आणि डोळ्यातला दाब नंतर वाढतो.

बंदुकीकडे येतो. त्या विक्रेत्याने '४०० एफपीएस, एकदम पॉवरफुल' असं लिहिलंय. कुठल्या वजनाच्या गोळीने, हे कुठेच नाही. ०.१२ ग्रॅमच्या हलक्या गोळीने ४०० एफपीएस म्हणजे ०.९ जूलच्या आत. ०.२० ग्रॅमने तेच ४०० म्हणजे जवळजवळ दीड जूल. गोळीचं वजन न सांगता एफपीएस सांगणाऱ्याला एकतर कळत नाही, नाहीतर तुला कळू द्यायचं नाही. जपानात या बंदुकांना ०.९८ जूलच्या आसपास मर्यादा आहे, ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकला १.३ जूल. आम्ही १ जूलच्या वर कुणाला उतरू देत नाही आणि दर वेळी सुरुवातीला क्रोनोग्राफवर, म्हणजे गोळीचा वेग मोजायच्या यंत्रावर मोजतो. बंदूक ओळखीच्या माणसाची असली तरी मोजतो.

याहून गंभीर गोष्ट त्याच्या दुसऱ्या फोटोत आहे. त्याने 'एअरसॉफ्ट पिस्तूल' म्हणून जे दाखवलंय त्याच्या नळीवर ४.५ मिलिमीटर कोरलेलं आहे. ते एअरसॉफ्ट नव्हे. ४.५ म्हणजे पोलादी किंवा शिशाचा छर्रा, आणि तो कातडीत घुसतो. माणसावर ते कधीही रोखायचं नाही, गंमत म्हणूनसुद्धा नाही. विकणारे सगळ्यालाच एअरगन म्हणतात, त्यामुळे नळीवरचा आकडा वाचायची सवय स्वतःला लाव. ६ मिलिमीटर आणि प्लॅस्टिक, एवढंच आपलं.

४.५ मध्ये रस असेल तर त्याचीही सरळ वाट आपल्या गावात आहे. नेमबाजीच्या रेंजवर जा, प्रशिक्षकाकडून १० मीटर एअर रायफल शीक. २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणारी राही सरनोबत, २०२४ मध्ये पॅरिसला ब्राँझ घेणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, हे सगळे नेमबाज आपल्याच मातीतले. तिथे महिनाभर गेलास तरी नळी कुणाकडे वळवायची नाही आणि बोट ट्रिगरबाहेर ठेवायचं, हे हाताला कायमचं लागेल. आमच्यातही मी तेच आधी बघतो.

आणि एक. उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं, हे आपल्या गावाचं कौतुकच आहे. पण बंदुकीची स्प्रिंग जाड करून घेणं, आतले भाग धातूचे बनवून घेणं, या फंदात तू पडायचं नाहीस. ताकद वाढली की ती आमच्या मैदानातून बाद होते, आणि हत्याराचे भाग बनवल्याचा आरोप आला तर तुझ्याबरोबर तो लेथवालाही अडकतो.

विक्रेत्याचं सांगायचं राहिलं. तुझ्या चॅटमध्ये आधी निम्मी रक्कम मागितली, मग 'परत मिळणारं' कुरिअर डिपॉझिट, आणि 'कस्टमचं आमच्याकडे सेटिंग आहे' असंही लिहिलं. हे असंच चालत राहतं. पैसे गेले की कस्टममध्ये माल अडकला म्हणून आणखी मागतात, आणि लायसन न लागणारी वस्तू असल्याची गॅरंटी तो फोनवर देतो, कागदावर देत नाही. त्याला म्हण, आजची तारीख आणि तुझं नाव कागदावर लिहून बंदुकीशेजारी ठेव आणि व्हिडिओ कॉल कर. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे फक्त फोटो आहेत तो चिडतो. मग जीएसटी क्रमांक माग. तो पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. नाव जुळलं नाही तर तिथेच थांब. 'पैसे परत करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाक' असं कुणी म्हणालं तर फोन ठेव. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. आणि पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नकोस. लगेच १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन कर. पहिल्या काही तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येते, दुसऱ्या दिवशी ते अवघड होतं.

जुनी घ्यायची झाली तर मी बरोबर येईन. बॅटरी लावून एकेक फायर करायचं आणि कान द्यायचा: गिअरबॉक्समधून दात घासल्यासारखा आवाज आला, किंवा ट्रिगर सोडल्यावरही मोटर कण्हत राहिली तर नको. स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर ती बंदूक बऱ्याच वेळा उघडली गेलीय. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी जराही फुगलेली दिसली तर ती फुकट दिली तरी घ्यायची नाही.

सामानाची काळजी घेणारी पोरं जागा मात्र डोळे झाकून निवडतात. तू आणि तुझे मित्र पन्हाळ्यावर कोपरा शोधताय असं कळलं. ते मनातून काढून टाक. तो संरक्षित किल्ला आहे, २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलाय, आणि तिथे लेकुरवाळ्या बायका, म्हातारी माणसं फिरायला येतात. दुसरा पर्याय म्हणून तू बंद पडलेलं गुऱ्हाळ सुचवलंस. दिसायला ते छान वाटेल, पण दिवसा एकदा आत फिरून बघ. चुलवाणाचं तोंड गवतात झाकलेलं असतं, पत्र्याच्या कडा छातीच्या उंचीवर लोंबत असतात, भिंतींना टेका नसतो, आणि आजूबाजूला पाचटाचा ढीग असतो. तिथे धुराची कांडी पेटवली किंवा लिपो तापून पेटली तर शेजारचा ऊस हातातून जाईल. मळ्यात कठडा नसलेली विहीर असते, ती मागे सरकताना दिसत नाही. आम्ही खेळतो त्या मळ्यात विहिरीभोवती आधी दोरी बांधतो, मगच पिशव्या उघडतो.

शेतमालकाची परवानगी तर हवीच, पण बांधाला बांध लागून ज्याचं रान आहे त्यालाही सांगायचं. तिकडे भांगलणीला बायका असतात, शेळ्या असतात, शाळा सुटल्यावर पोरं आडवाटेने येतात. १ जूलची गोळी पन्नास मीटरच्या पुढे दमते, तरी हद्दीबाहेर त्याच्या दुप्पट मोकळं रान पाहिजे. कुणी परका आत आला की पहिल्यांदा बघणाऱ्याने ओरडायचं आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं. वैरणीच्या गवतावर तर अजिबात खेळायचं नाही. प्लॅस्टिकच्या गोळ्या म्हशीच्या पोटात जातात. 'विघटनशील' लिहिलेल्या गोळ्याही रानात लगेच कुजत नाहीत, आणि आपल्या पावसात ओलावा धरून नळीत अडकतात ते वेगळंच.

शेवटचं रस्त्याचं. दुचाकीवर पाठीला बंदूक अडकवून दसरा चौकातून गेलास तर पोलिसाला दहा पावलांवरून खरी-खोटी कळणार नाही, आणि कळावी अशी अपेक्षाही आपण धरायची नाही. बंद बॅगेत, मॅगझिन आणि बॅटरी वेगळी काढून, नळीला कव्हर घालून न्यायची. बाहेर काढायची ती फक्त मैदानात, आणि फोटो काढून स्टेटसला टाकायचा नाही. सणासुदीला, निवडणुकीला जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा आदेश निघतो, पेपरात छापून येतो. त्यात हत्यारांबरोबर काहीही फेकून मारायची साधनं बाळगण्यावरही बंदी घालता येते. त्या दिवसांत खेळ बंद ठेवायचा. एरवीही खेळाच्या आधी जवळच्या पोलीस ठाण्यात मालकाचं संमतीपत्र, खेळणाऱ्यांची नावं आणि वेळ लिहून अर्ज द्यायचा आणि पोच घ्यायची. स्वतःची बंदूक घ्यायच्या आधी तिची माहिती घेऊन कलेक्टर ऑफिसच्या शस्त्र परवाना शाखेत लेखी विचार. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नकोस.

येत्या रविवारी सकाळी सातला ये. घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, दोन लिटर पाणी. गॉगल आणि मास्क माझ्याकडे जादा आहेत. पहिल्या दिवशी तू खेळणार नाहीस, माझ्याबरोबर क्रोनोग्राफवर बसून प्रत्येकाच्या बंदुकीचा आकडा वहीत लिहिणार आहेस. आईला माझा नंबर दे आणि येण्याआधी तिला माझ्याशी बोलायला सांग.

तुझा,
काका