शेवटचा शब्द कुणाचा?

प्रश्न : ‘एक्स-मेन’ या अमेरिकन सुपरहिरो कॉमिकची क्लेअरमाँट-बर्न ही जोडी एवढी गाजली, मग फुटली का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रकार जॉन बर्न, अंक १०८ ते १४३, साल १९७७ ते १९८१. कारण त्यांच्या कामाच्या क्रमातच आहे. ‘एक्स-मेन’ छापणाऱ्या मार्व्हल कंपनीच्या पद्धतीप्रमाणे आधी दोघं मिळून कथानक ठरवत. मग बर्न अंकाची साधारण १७ पानं पेन्सिलने काढत आणि ती समोर ठेवून क्लेअरमाँट संवाद लिहीत. त्यानंतर पानावर संवादांचं अक्षरलेखन, मग पेन्सिलच्या रेषांवर टेरी ऑस्टिन यांची शाई. प्रसंग किती लांबवायचा, कुणाला किती जागा द्यायची हे चित्रकाराच्या हातात. पण पात्राच्या मनात काय चाललंय, हे शेवटी लेखक ठरवणार.

याचा फायदा या कॉमिकमधल्या वुल्व्हरिन या नायकाला झाला. कॅनडात वाढलेल्या बर्न यांना हा कॅनेडियन गडी मागे पडू द्यायचा नव्हता, म्हणून त्यांनी त्याला भरपूर जागा दिली. १३२व्या अंकाचा शेवट काढून बघा : बाकीचे हरलेत आणि हा खाली गटाराच्या पाण्यात, बदला घ्यायला तयार. चित्रात नुसता राग आहे. त्याला रांगडा, तुटक आवाज दिला तो क्लेअरमाँट यांनी. एकट्याच्याने हे जमलं नसतं, असं आमचं ठाम मत आहे.

तोटाही तिथलाच. १४०व्या अंकात कोलोसस हा पोलादी अंगाचा नायक झाडाचा बुंधा उपटतो. बर्न यांनी नंतर सांगितलं, की त्यांनी तो सहज उपटताना काढला होता; छापून आलेल्या संवादात मात्र त्याचा घाम निघतोय. बाब किरकोळ, पण अशा अनेक जागा साठत गेल्या होत्या. संवाद लिहून झाल्यावर पान चित्रकाराकडून तपासून घ्यायचा टप्पाच त्या क्रमात नव्हता.

(जोडीत तिसराही असतो, हे विसरू नका. १३७व्या अंकात जीन ग्रे ही नायिका मरते, ती मुख्य संपादक जिम शूटर यांच्या आग्रहामुळे. आधी काढलेला शेवट वेगळा होता.)

प्रश्न : मी लिहितो, मैत्रीण चित्रं काढते. आम्ही हीच पद्धत वापरावी का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : वापरा, पण दोन टप्पे वाढवा. पक्की पेन्सिल सुरू होण्याआधी अख्ख्या अंकाची काडेपेटीएवढी कच्ची पानं दोघांनी एकत्र बघा. आणि संवाद लिहून झाले की शाईआधी पान पुन्हा तिच्याकडे जाऊ द्या.

एका चौकटीत एकच कृती. सहा चौकटींच्या पानावर चौकटीमागे ३५ शब्दांच्या वर जाऊ नका, नाहीतर संवादांचे फुगे चेहऱ्यांवर चढतात. चौकटीचा वरचा एक तृतीयांश हिस्सा फुग्यांसाठी मोकळा सोडायला तिला सांगा. सगळ्यात जास्त घोळ होतो तो बोलण्याच्या क्रमाचा. आपण डावीकडून वाचतो, म्हणून आधी बोलणारं पात्र डावीकडेच हवं. ते उजवीकडे काढलं गेलं, तर फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना छेदतात आणि उत्तर प्रश्नाच्या आधी वाचलं जातं. म्हणून आधी कोण बोलणार, एवढं तरी कथानकात चौकटीगणिक लिहून द्या.